मिररचं बटण

सन २०२१. मी चौसष्ट वर्षांचा होतो आणि माझ्या हाताला काम नव्हतं. लोक म्हणायचे, आता या वयात काम कशाला हवं? ज्यांना तरुणपणीही काम नको होतं तेच हे म्हणायचे.

शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत. पण अक्षर असं की मालवणच्या बंदरातल्या निम्म्या होड्यांवरची नावं माझ्या ब्रशची. दुकानांच्या पाट्याही माझ्याच. मग फ्लेक्स आला. आणला कोणी, तर माझ्या सख्ख्या पुतण्याने. भर बाजारात मशीन लावलं आणि उद्घाटनाला मला नारळ फोडायला बोलावलं! मी गेलो नाही. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो. तो वाटेत भेटला की "काकानू, बरे आसास मां?" असं मोठ्याने विचारायचा, चार माणसांनी ऐकावं म्हणून. मी बाजूला थुंकायचो.

मुंबईचा मुलगा पैसे पाठवायचा. त्याच्या पैशाची पेज रोज जेवायची आणि पडवीत बसायचं, हे जिणं मला नको होतं. मला माझं काम परत हवं होतं, एवढीच गोष्ट. ती सहानुभूतीने ऐकणाऱ्यांचाही मला राग यायचा.

मुलाने जुना फोन दिला होता. आमच्याकडे जत्रेत दशावतारी नाटकं होतात, त्यात बाईचं काम करणारा एक नट होता. त्याने नुसती मान वळवली तरी बायका आपला पदर सारखा करायच्या. त्याचा मी भक्त. पंधरा-वीस कोसांवरची जत्राही सोडली नाही. त्याचं नाटक फोनवर घ्यायचं, तुकडे कापायचे, पखवाजाच्या थापेवर एकाला एक जोडायचे आणि लोकांना दाखवायचं, हा नाद लागला. शिकवलं कोणी नाही. बोट लावून बघितलं, चुकलं, परत लावलं.

बायको म्हणायची, "अवो, ह्या वयात लोक जपमाळ ओढतत. तुमी बाप्याक लुगडा नेसवन त्येचे फोटू नाचवतास!"

"तुका काय कळता गो त्यातला?"

"माका इतक्याच कळता, की वाढून ठेवल्लो भात निवान गेलो."

आता नाद म्हटला की त्यातल्या चोऱ्याही आल्या. दुसऱ्याचं चित्रण घेतलं, त्याखाली दुसऱ्याचं गाणं लावलं, की ज्या अॅपवर व्हिडिओ टाकायचो ते अॅप तो काढून टाकायचं. त्यावर या नादातल्या सगळ्यांचा एकच उपाय. मिरर नावाचं बटण. ते दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं, डावं ते उजवं, आणि अॅपला ओळखू येत नाही. मीही दाबायचो. विचार न करता, दार लोटताना कडी लावावी तसं.

फक्त एक भानगड व्हायची. नाटकाच्या मागच्या पडद्यावर नाटक मंडळाचं नाव लिहिलेलं असायचं, ते उलटं दिसायचं. उलटं अक्षर मला बघवत नाही. डोळ्यात कुसळ गेल्यासारखं होतं. म्हणून त्या नावावर मी माझी अक्षरं बसवायला लागलो. नुसती बसवून समाधान होईना, तेव्हा ती हलवायला शिकलो. अक्षर कुठून निघायचं ते सांगायचं, कुठे थांबायचं ते सांगायचं, मधली वाट व्हिडिओ जोडायचं अॅप स्वतः काढतं. ती वाट सरळ असली की अक्षर मेल्यासारखं येतं. मी त्याला होडी लाटेवर येते तशी वाट दिली. आधी नाक वर, मग खाली बसायचं, मग जरा डुलून स्थिर. लोक नट बघायचे सोडून अक्षरं बघायला लागले. काही शिव्याही घालायचे. शिवी देणाऱ्याला मी रात्र पडायच्या आत उत्तर दिलेलं आहे.

अशी दोनेक वर्षं गेली. मग कुडाळहून एक माणूस घरी आला. जत्रांना, लग्नांना मोठे एलईडी पडदे भाड्याने देणारा. मला "अंकल" म्हणाला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तो म्हणाला, "अंकल, तुम्ही जे करता ना, त्याला मोशन ग्राफिक्स म्हणतात. माझ्या स्टुडिओत पोरं आहेत, पण ती तयार साच्यात नावं भरतात. सगळ्या लग्नांत तेच गुलाब, तेच कबुतर. तुमच्या जत्रेत तुमच्या त्या नटाच्या मंडळाचं नाटक आहे. पडद्यावर सुरुवातीला गणपती आणि मंडळाचं नाव तुम्ही करून द्या. बरं वाटलं तर माझ्याकडे कायमचे या."

"आणि बरं नाही वाटलं तर?"

"तर तुमचा पुतण्या म्हणालाय मी करतो. तोही शिकलाय आता."

मी त्याला बसायला सांगितलं. बायकोने चहा केला.

त्या कामावर मी जीव टाकला, हे सांगायला लाज कसली. मंडळाच्या पेटाऱ्यात गणपतीचा लाकडी मुखवटा असतो. तो त्यांचा देव, त्याची पूजा झाल्याशिवाय नाटक उभं राहत नाही. त्याचं चित्रण माझ्या फोनमध्ये होतं. ते घेतलं, आजूबाजूचं कापलं, मागून उजेड दिला आणि खाली मंडळाचं नाव लाटेवरून आणलं.

जत्रेच्या दिवशी दुपारी देवळासमोर पडदा उभा केला आणि चाचणी लावली. मानकरी पारावर बसलेले. पुतण्या पाहुण्यांच्या नावाचे फ्लेक्स बांधायला आलेला. मंडळाचा टेम्पोही नुकताच येऊन लागलेला. नाव आलं, डुललं, बसलं. मग गणपती. घराएवढा.

पहिला आवाज पुतण्याचा. "काकानू, सोंड खंय वळली ती बघलास?"

मंडळाचा गणपती डाव्या सोंडेचा. पडद्यावर सोंड उजवीकडे. चित्रण मिरर केलेल्यातलं होतं आणि माझं लक्ष सगळं अक्षरांवर. ज्यांच्याकडे हे पाळत नाहीत त्यांना सांगतो, उजव्या सोंडेचा देव कडक. त्याचं सोवळं असतं, नेमधर्म असतो. कोणी उठून तो मांडत नाही.

एक थोरला मानकरी काठी टेकत उठला. "मेल्या, उजव्या सोंडेचो देव लावलंस! ह्येचा सोवळा कोण सांभाळतलो? तुझो बापूस?"

"आता ह्या पडद्याक रोज निवेद दाखवा," मागून कोणीतरी बोललं. पोरं हसली.

"बटण चुकला," मी म्हटलं. "आता फिरवतंय."

"बटण? देव काय बटणार चलता? आधी देवाम्होरे नारळ ठेव, नाक घास, सगळ्यांदेखत चुकलंय म्हण."

"देवाक काय सांगूचा ता मी देवाक सांगान. मधी तुमची दलाली कित्याक?"

मग जे व्हायचं ते झालं. दोघे-तिघे अंगावर आले. कुडाळवाला मला बाजूला ओढून म्हणाला, "अंकल, सॉरी बोला आणि संपवा. नाहीतर मी पुतण्याचं लावतो, आणि पुढचं कामही त्यालाच जाईल." पुतण्या खिशातून पेन ड्राइव्ह काढून तयारच होता. हसत नव्हता, उलट फार गंभीर तोंड केलं होतं. ते जास्त लागलं.

तेवढ्यात टेम्पोकडून तो नट आला. बनियन, लुंगी, कोरलेल्या भुवया. इतकी वर्षं मी त्याला लांबून बघितलेलं, बोललो कधीच नव्हतो. वाटलं, हा तरी आपल्या बाजूने बोलेल. आपण याचं नाव कुठल्या कुठे नेलं.

तो म्हणाला, "ते व्हिडिओ करणारे बाबा तुमीच काय? माझो पदर दोन वर्षां उजव्या खांद्यार. आशीर्वाद देतंय तो डाव्या हातान. तलवार डाव्या हातात. लोक माका विचारतत, तू डावखुरो कधी झालंस?"

सगळे हसले. मानकरीसुद्धा. मी त्याच्यासमोर गेलो.

"मगे दोन वर्षां बोललास नाय कित्याक?"

"चाहत्याक काय बोलूचा? चाहतो हौसेन करता. गोड मानून घेवचा लागता. आता तुमी ह्या कामाक हात घातलास, आता बोलतंय. देव आमचो आसा. सरळ करा नायतर उठा."

हा माणूस माझ्याशी असा बोलेल असं मी कधी मनात आणलं नव्हतं. त्याला सुनावायचे दोन शब्द माझ्या अगदी ओठावर आले होते. पण खरं सांगतो, फ्लेक्स आल्यापासून मला कोणी कामावरून झापलं नव्हतं. होडीमालक झापायचे तसं. बाकी सगळे कीव करायचे, नाहीतर हसायचे.

मी पाराच्या पायरीवर बसलो आणि फोन काढला. गणपती सरळ केला. उजेड दुसऱ्या अंगाला गेला तो परत आणला. सोंड नावाच्या वेलांटीवर यायला लागली, म्हणून नाव जरा खाली घेतलं. सगळे डोक्यावर उभे. एक म्हणाला, "बेगीन कर रे." मी म्हटलं, "तू कर, ह्यो घे फोन."

दुसऱ्यांदा लागलं. देव डाव्या सोंडेचा, नाव खाली येऊन डुललं, बसलं. कोणी टाळी वाजवली नाही. थोरला मानकरी डोळे बारीक करून बघत राहिला आणि म्हणाला, "आता आपलो दिसता." नट केव्हाच टेम्पोकडे गेला होता.

नारळ मी ठेवला. गुरवाला बजावलं, देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्यात माझं नाव घ्यायचं नाही, देव मला ओळखतो. पुतण्याने पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि जाताना म्हणाला, "काकानू, अक्षर मात्र झकास." त्याच्याकडून शाबासकी घ्यायची वेळ अजून आलेली नाही.

कुडाळवाला म्हणाला, "उद्या दहाला स्टुडिओत या. अंकल, तिथे मी सांगेन तसं करावं लागेल."

"आणि चुकीचा सांगितलंस तर?"

"तर भांडा."

त्या रात्री नाटक बघायला मी थांबलो नाही. आवडत्या नटाचं नाटक गावात असून मी घरी जाऊन झोपलो, असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेज जेवलो आणि पडवीत बसून त्याचे उलटे व्हिडिओ एकेक करून पुसून टाकले. सगळे उलटेच होते, म्हणजे काहीच उरलं नाही. बायको मागे येऊन उभी राहिली, म्हणाली, "अवो, एवढे लोक बघी होते." मी म्हटलं, "बघूंदेत दुसऱ्यांचे." सदरा घातला, चष्मा पुसला आणि कुडाळची एसटी पकडली.