हरभऱ्याची आंब

आज काळेवाडीच्या बाजारात ओला हरभरा निवडताना बोटांना पाल्यावरची आंबट, चरचरणारी आंब लागली आणि लहानपणीची पिंपरीतली सभा आठवली.

सरकारने कारखान्यासाठी सक्तीने घेतलेल्या आमच्याच रानात मांडव होता. त्यासाठी माझ्या वडिलांनी, आबांनी, कोवळा हरभरा आदल्या दिवशी स्वतःच्या हातांनी उपटला होता. दिल्लीचे मोठे पुढारी हिंदीत बोलत होते. लोक टाळ्या वाजवत, तशा आबाही वाजवत.

"तू चौथी शिकलीयास. काय म्हनलं गं सायेब?" आबांनी विचारलं.

शेतकऱ्यांनी जमिनी खुशीने दिल्या, असं ते म्हणाले होते. मला कळलं होतं, पण सांगायचा धीर झाला नाही.

"आपलं कौतुक केलं," मी पुटपुटले.

आंबेने चरचरणाऱ्या हातांनी आबांनी सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. आबांनी डोळे मिटेपर्यंत मी त्यांना खरं सांगितलं नाही. त्या टाळ्या अजून माझ्या गालावर बसतात.