भैरूचं भिंग

पोपटरावांनी पेटी न उघडताच भंगारात काढली आणि तिथंच त्यांचे ग्रह फिरले. बरं, पेटी न्यायला आलेल्या बाईला तरी ओळखावं! तेही नाही. केडगावच्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या त्यांनी हात हलवला, "उचल बाई. कुलूप हाय तर असू दे, पेटीसकट वजन कर."

बाई म्हणजे अनसाबाई. शिक्रापूरला हायवेलगत तिचं भंगाराचं दुकान. ज्या माणसानं आपल्या नवऱ्याला जित्तेपणी मातीत घातलं, त्याला आपलं तोंडसुद्धा आठवू नये? पेटी टेम्पोत चढवून ती निघाली.

एके काळी शिरूर-दौंडकडच्या जत्रांतून पोपटरावांचा, सगळे त्यांना आप्पा म्हणत, सिनेमाचा तंबू फिरायचा आणि त्यातलं मशीन चालवायचा अनसाबाईचा नवरा भैरू. केंदूरचा धनगर गडी, मेंढरं सोडून मशीनच्या नादी लागलेला. मशीनच्या भिंगाला तर पोटच्या पोरासारखं जपायचा. बापाच्या जुन्या घोंगडीच्या तुकड्याची त्या भिंगाला पिशवी होती, अनसाबाईनं लाल दोऱ्यानं शिवलेली. पुढं भैरूनं मनात घेतलं की आपणही एक तंबू काढावा. ते पोपटरावांच्या कानावर गेलं आणि चारच दिवसांत भिंग पिशवीसकट गायब झालं.

त्या काळी सिनेमाच्या आधी पडद्यावर काचा दाखवायचे. काचेवर दिव्याची काजळी धरायची, सुईनं अक्षरं कोरायची, की पडद्यावर हातभर अक्षरं उमटायची. साबणाची जाहिरात, हरवलेलं पोर, बायकांनी कुठं बसायचं, सगळं काचेवर. त्या जत्रेत पोपटरावांनी दुसरं भिंग आणलं आणि पहिलीच काच लावली, "आमचा मशीनवाला भैरू चोर आहे. त्याला कोणी थारा देऊ नये." भैरू धावत पडद्यापुढं गेला आणि अक्षरं झाकायला हात पसरून उभा राहिला. अक्षरं त्याच्याच सदऱ्यावर उमटली. मागून पब्लिक कावलं, "ए, खाली बस! दिसंना!" अनसाबाई बायकांत बसली होती. तिला तो आवाज कधी विसरता आला नाही.

मग कुठला तंबू आणि कसलं काय! एकाही जत्रेनं भैरूला उभं केलं नाही. दुसऱ्याची मेंढरं वळत तो झिजत गेला आणि एक दिवस गेला. केंदुरात त्याच्या घराला अजून भिंगचोराचं घर म्हणतात. मेल्यांच्या जिभा झडत कशा नाहीत?

अनसाबाई मात्र रडत बसणारी नव्हती. तिनं भंगार धरलं. रद्दीत कधी सिनेमाची जुनी पोस्टरं निघायची, कधी गाण्यांच्या चोपड्या. नात प्रगती मोबाइलवर त्यांचा लिलाव लावायची. कुठल्या कुठल्या मुलखातले शौकीन चढाओढीनं बोली लावायचे. पोस्टर गादीखाली दाबून सरळ करायचं, पाइपात गुंडाळायचं, पाठवायचं. आजी-नातीचा चांगला जम बसला होता.

त्या दुपारी पेटीचं कुलूप फोडलं. वर काचांची चवड होती. खाली काळ्या घोंगडीची पिशवी. अनसाबाईनं लाल टाक्यांवरून बोट फिरवलं. पिशवीत भिंग होतं, जसंच्या तसं.

"मुडद्यानं घरातच दडवलं व्हतं गं, आन् पार इसरून गेला!" तिनं पिशवी उराशी धरली.

प्रगती म्हणाली, "आज्जी, गावात चल. पंचांपुढं ठेवू. माफी मागायला लावू त्याला."

"माफी? चार माणसांत हात जोडंल आन् चहा पिऊन जाईल. मला माफी नगं. ह्ये पडद्यापुढं जितं हुबं व्हते ना, तितं त्यो हुबा पायजे!"

देवानंच दार उघडलं म्हणायचं. पोपटरावांचा पोरगा रविराज चौफुल्याजवळ हॉटेल काढत होता, जुन्या तंबूच्या थाटाचं. वडिलांचं मशीन त्यानं गोडाऊनमधून आणून घासूनपुसून मधोमध मांडलं होतं. फक्त त्याला भिंग नव्हतं, नंतर आणलेलं कधीच फुटलं होतं, आणि त्या मापाचं भिंग कुठं मिळेना. अनसाबाईनं प्रगतीला सांगितलं, "लाव लिलाव. भिंग आन् काचा एकत्रच. पिशवीचा फोटू टाकू नगंस. आन् खाली अट लिव्ह, पडद्यावर पहिली काच इकनारीच्या हातची लागंल."

बोली चढत गेली. कलकत्त्याचा एक शौकीन हटेना, पण रविराज इरेला पेटला आणि जिंकला. अट वाचून तो हसला. म्हातारी बाई, जुनी काच, व्हिडिओला झकास!

उद्घाटनाला शिरूर-दौंडचे सगळे बडे लोक. केंदूरची मंडळीही होती. पहिल्या खुर्चीवर पोपटराव, कडक पांढरा शर्ट, गळ्यात हार. मशीनमध्ये उजेडासाठी जुन्या कार्बनच्या कांड्यांच्या जागी बल्ब बसवलेला. अनसाबाईनं मशीनला हळद-कुंकू लावलं, कमरेची घोंगडीची पिशवी सोडून आपली काच काढली. आदल्या दिवशी प्रगतीनं कागदावर लिहून दिलेलं तिनं एकेक अक्षर सुईनं कोरलं होतं. दिवे गेले. पडद्यावर उमटलं, "भैरू चोर नव्हता. भिंग पोपटरावांच्या पेटीत होतं. त्याच भिंगातून हे वाचा."

 केंदूरच्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, त्याच्यामागं दुसऱ्यानं. पन्नास मोबाइल वर झाले. रविराज ओरडला, "लाइट लावा!" पण बटणच कुणाला सापडेना.

"बंद कर! कोण हाय ती बाई? कोण हाय?" पोपटराव हार सावरत उठले, तडफडत पडद्याकडं गेले आणि हात पसरून उभे राहिले. चोर, भैरू, पेटी, सगळी अक्षरं त्यांच्या पांढऱ्या शर्टावर चढली. त्यांनी खाली पाहिलं आणि ते तळहातानं छाती पुसायला लागले.

अनसाबाई मशीनपाशी उभी होती. हातात घोंगडीची रिकामी पिशवी. इतकी वर्षं कानात घुमणारा तो आवाज तिनं मोकळा सोडला.

"आप्पा, खाली बसा! मागच्यास्नी दिसंना!"