विडी न ओढणाऱ्या बाईचा खोकला

मला फुप्फुसाचा कॅन्सर झाला तेव्हा दिवेआगरात आम्ही सगळ्यांना थायरॉईड म्हणून सांगितलं. थायरॉईड कोणालाही होतो, त्यावर कोणी काही बोलत नाही. मी चाळिशीच्या आतली. वाडीतल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, त्यांचं रांधणं-वाढणं माझ्याकडे. विडी सोडाच, मी मिश्रीसुद्धा कधी दाताला लावली नाही.

पाहुण्यांना वाढताना खोकल्याची उबळ यायची. मग भांडं खाली ठेवून मी मागच्या दारी पोफळींत जाऊन खोकायची. आधी गावातले डॉक्टर धुळीमुळे म्हणाले, मग टीबीची औषधं झाली. शेवटी मुंबईत फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला, तेव्हा कळलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सिगरेट, विडी?"

"नाही."

"मिश्री?"

"नाही."

त्यांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "अगदी कधीच नाही?" बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेलं असेल, असं वाटून मी पदर सावरला. मग त्यांनी विचारलं, "घरात कोणी ओढतं?"

शेजारी बसलेला माझा नवरा हळूच म्हणाला, "मी."

गावात आल्यावर खरं फक्त मोठ्या जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी मला चुलीपाशी ओढलं. "खरं सांग गो, लपून ओढत व्हतीस?" मी रडायलाच लागले. तेव्हा म्हणाल्या, "मंग ह्याच्या विडीनंच घात केला तुजा."

हे पडवीत होते. त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून विडी सुटली, पण माझ्याकडे बघणंही सुटलं. मी खोकले की हे उठून नारळांना पाणी सोडायला जायचे, झाडांची आळी पाण्यानं भरलेली असली तरी. माझ्या आजारानं ह्यांना गुन्हेगार केलं, ह्याची मला इतकी लाज वाटायची की मी तोंडात पदराचा बोळा धरून खोकायला शिकले.

फुप्फुसातल्या गाठीची मुंबईत आणखी एक तपासणी केली होती. तिचा रिपोर्ट घ्यायला गेलो, तर माझ्या बाजूला एक तरुण शिक्षिका बसलेली. तीही कधी न ओढलेली, तिलाही हाच कॅन्सर.

"शाळेत काय सांगितलंत?" मी विचारलं.

"दमा. तुम्ही?"

"थायरॉईड."

दोघी हसलो, आणि कोणी बघत नाही ना म्हणून दोघींनीही मागे वळून पाहिलं.

आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या गाठीत एका जनुकात बदल सापडलाय. फार थोड्या रुग्णांत हा दिसतो. आणि ते बरेचदा तुमच्यासारखेच असतात: वयानं लहान, कधी न ओढलेले, त्यात बायकाही पुष्कळ."

"म्हणजे माझ्या विडीनं..." ह्यांना पुढे बोलवेना.

"विडी वाईटच, सोडलीत ते बरं केलंत. पण ह्या प्रकाराचा धुराशी तसा संबंध दिसत नाही. ह्यासाठी नेमकं औषध आहे, गोळ्या."

हे तोंडावर दोन्ही हात घेऊन मोठ्यानं रडले. दार अर्धवट उघडं होतं. मी म्हटलं, "अहो, लोक बघतायत." इतके दिवस हा माणूस एकटा जळत होता, आणि मला लोकांची पडलेली! हे आठवलं की आजही मान वर होत नाही.

गोळ्या सुरू झाल्या. पाय सुजायचे. अंधारातून उजेडात आलं की डोळ्यांसमोर प्रकाशाच्या शेपट्या नाचायच्या. पण खोकला बसला. पुढच्या स्कॅनला गाठ आकसलेली निघाली. "कॅन्सर गेला म्हणत नाही, पण दबलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परवा दारात मासेवाली आली होती. मासे घ्यायला आलेली शेजारीण माझ्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिली. मी काही जुळवून सांगायच्या आत हे म्हणाले, "तिला फुप्फुसाचा कॅन्सर हाय. औषध चाललंय."

माझे कान तापले. मी टोपलीतल्या बोंबलांकडे बघत बसले.

"जेवण जातं ना गो?" शेजारणीनं विचारलं.

"जातं," मी म्हटलं, पण तिच्याकडे बघायचा धीर काही झाला नाही.