आईच्या कॉम्प्युटरचं घड्याळ

मंडळी, आज सुट्टी टाकून रत्नागिरीच्या घरातले दोन्ही कॉम्प्युटर नव्या विंडोजसाठी तयार करायला बसले. पार दमले.

माझा लॅपटॉप निमूट झाला. आईचा कॉम्प्युटर मात्र हटूनच बसला. फोटो पेनड्राइव्हवर घेतले, जागा रिकामी केली, राउटर बंद-चालू केला, तरी अपडेट उतरेचना. संध्याकाळी लक्ष गेलं, त्याचं घड्याळच कितीतरी तास मागे होतं. वेळ बरोबर केली आणि अपडेट सुरू झालं.

तेवढ्यात आई आली. "घड्याळाला हात कोणी लावलान गो?"

माझा दादा देशोदेशी जाणाऱ्या बोटीवर असतो. तिथे घड्याळ पुढे-मागे केलं की तो मेसेज टाकतो आणि आई इथे तसंच करते. म्हणाली, "तो जेवला असेल की निजला, बघितलं की कळतं मला."

अपडेट झाल्यावर मी स्क्रीनवरच दुसरं घड्याळ लावून दिलं. वर आपली वेळ, खाली दादाची. आईने चष्मा लावून पाहिलं.

"त्याची ठीक आहे. आपली कशाला हवी तिथे?"

तिला तुम्हीच समजवा, मंडळी. माझ्यात आता त्राण नाही.