सुभेदारांनी स्वतःहून दिलेलं रक्त

चूक यांची आणि माफी समोरच्यानं मागायची, असा सुभेदार लालासाहेबांच्या घरचा कायदा. पलटणीतून निवृत्त झाले, ऊस लावला, पण हुकूम सोडला नाही.

थोरला मुलगा जयराज पस्तिशीतच आतड्याच्या कॅन्सरनं आडवा झाला, तेव्हा यांनी बायकोकडं बोट दाखवलं. "आमच्या रक्तात न्हाई असलं काय. ह्ये शिराळ्यासनं आलंय."

शिराळा हे लीलाबाईंचं माहेर. त्या साली नागपंचमीला त्यांचा भाऊ भाऊसो मुराळी म्हणून न्यायला आला, तर सुभेदारांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. तेव्हापासून माहेर तुटलं. आळीतल्या बायका माहेरी जायच्या आणि ही बाई तोंड मिटून घरात दिंडं उकडायची.

ऑपरेशन होऊन जयराज वाचला. सांगलीत विश्रामबागच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा दोष घराण्यातून येतो. आईवडिलांचं रक्त तपासू. ज्या बाजूनं आलाय, तिकडच्यांना वेळीच सावध करता येईल." सुभेदारांनी वर्षभर टाळलं. शेवटी बायकोच्या तोंडावर पुरावा फेकायचा म्हणून एकटेच गेले आणि बाही वर केली.

दोष त्यांच्याच रक्तात निघाला.

"पेशीची नक्कल होताना डीएनएची अक्षरं जोडीनं उभी राहतात," बाई सांगू लागल्या. "परेडच म्हणा. प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला. चुकीचा उभा राहिला की रांग वाकडी होते. काही एन्झाइमं तेवढंच हुडकत फिरतात. एक वाकडी जागा धरतं, दुसरं नव्या रांगेला काप देतं. मग चुकीचा तुकडा निघतो आणि जुन्या रांगेकडं बघून पुन्हा भरला जातो. ही एन्झाइमं बनवायच्या सूचनेच्या दोन प्रती असतात. तुमची एक जन्मापासून बिघडलेली. एखाद्या पेशीत दुसरीही गेली, की चुका साठत जातात."

"मग मला कसं न्हाई झालं?"

"सगळ्यांना होतोच असं नाही. वडील कशानं गेले तुमचे?"

 वडील चाळिशीत पोटाच्या दुखण्यानंच गेले होते. घरानं त्याला करणी म्हटलं आणि यांनी ते सोयीनं खरं मानलं.

 लाजेनं सुभेदारांना घरी जायचं धाडस होईना. ते थेट शिराळ्याला गेले आणि भाऊसोच्या दारात उभं राहून म्हणाले, "भाऊसो, दोष माझाच हाय. औंदा पंचमीला मुराळी हून या."

 भाऊसो म्हणाला, "दाजी, आक्कानं कवाच रक्त तपासून घेतलंया. मीच चोरून नेलीवती सांगलीला. तिच्यात काय बी न्हवतं."

"मग बोलली का न्हाई?"

"म्या लय सांगितलं. तर म्हणाली, पोरगं मरता मरता वाचलंय. आपल्यामुळं झालं ह्ये कळलं तर तुझं दाजी खचतील. मला बोलत्यात तवर उभं तरी हायती."

सुभेदार मेहुण्याच्या उंबऱ्यावरच बसले. वर बघायची त्यांची छाती झाली नाही.