साखरपुड्याचं मटण परळला नेलं तेव्हा

दादरला उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते. कोल्हापूरहून एकटीने मुंबईला यायची ही पहिलीच वेळ. फुलबाजारातून शेवंतीचा गजरा घेतला आणि टॅक्सीने गिरगाव गाठलं. मैत्रीण रोझीचा साखरपुडा होता.

तिची वाडी लाकडी जिन्यांची, रंगीत कठड्यांची. स्वयंपाकघरात फुगे (गोल, पोकळ तळलेले पाव) तळत होते; उभ्याउभ्याच चार खाल्ले. तेवढ्यात वसईहून तिचे पास्कलमामा आले. भाचीसाठी परसात वर्षभर पाळलेल्या डुकराचं मटण घेऊन.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. चिरताना मांसात तांदळाएवढे पांढरे दाणे दिसले आणि माझा हात थांबला.

"मामा, हे तपासून घेतलंय?"

"चरबी असेल, टीचर. घरचं जनावर, त्याला काय तपासायचं?" मामा दुखावले होते.

"मामा, एवढी माणसं जेवणार," रोझी म्हणाली. "एकदा दाखवून या ना."

परळला तिच्या ओळखीचे जनावरांचे डॉक्टर होते. सगळं मटण डब्यात भरून मी आणि मामा निघालो. डॉक्टरांनी एक दाणा दोन काचांमध्ये दाबला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मी डोळा लावला आणि ओरडलेच, "आकडे दिसतायत!" वीस वर्षं फळ्यावर काढत आलेलं पट्टकृमीचं आकड्यांचं डोकं खरोखर समोर होतं! मग मामांकडे लक्ष गेलं आणि मी वरमले.

"हे अर्धकच्चं खाल्लं तर पोटात लांबलचक कृमी वाढतो," डॉक्टर म्हणाले. "त्याची अंडी पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट्सही येतात. नीट शिजवल्यावर अळ्या मरतात, पण असलं मटण वापरायचंच नाही."

मामा हळूच म्हणाले, "नाताळात घरचंच दुसरं डुक्कर शेकोटीवर भाजलं होतं. आत लालच होतं."

"मग तुमचीही तपासणी करा."

मटण डॉक्टरांनी नष्ट करायला ठेवून घेतलं. परतताना लालबागला कोंबडी घेतली. जेवणाआधी मामाच उठले.

"आज माझं मटण नाही. त्यात किडे निघाले. नाताळात माझ्याबरोबर कोण कोण जेवलं, हात वर करा."

तीन हात वर झाले.

आठवड्याने कोल्हापुरात मामांचा फोन आला. "टीचर, माझ्यात सापडला! गोळी घेतली. बाकी तिघं ठीक."

समुद्र पाहायचा राहूनच गेला. पण भरल्या घरात, वर्षभराच्या मेहनतीवर पाणी सोडून, "किडे निघाले" असं सांगणारा माणूस मी मुंबईत पाहिला.