इसाजींचं व्हाउचर

पनवेलच्या तहसील कचेरीत इसाजी वाकरूळकरांची छत्तीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवण्यात गेली. इथे सही नाही, तिथे शिक्का नाही. माणूस सरळ, पण हट्टी. बायको नाओमी म्हणायची, ह्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडतं.

त्यांची धाकटी बहीण हेप्झिबा लग्नानंतर इस्रायलला गेली ती तिथलीच झाली. यंदा तिला मेंदूचा झटका आला आणि चाळीस वर्षांची हिब्रू पार पुसली गेली. उरली लहानपणची मराठी. मुलगा अवीव तिथे जन्मलेला. त्याला पाणी आणि जेवण एवढेच शब्द ठाऊक, नर्सना तेवढेही नाहीत. ती पुटपुटे ते अवीव रेकॉर्ड करून मामाला पाठवी, आणि मामा इंग्रजीत उत्तर लिही: थंडी वाजतेय तिला. दिवा मालवा म्हणतेय. फोन कानाला लावला की मात्र ती घाबरून ढकलून देई.

"मामा, तुम्ही इथेच या," अवीव म्हणाला.

इसाजींनी एकुलती एफडी मोडून तिकीट काढलं. त्यांच्या ज्यू रिवाजाप्रमाणे एलियाहू हनबी या प्रेषिताच्या नावाने घरी मलिदा केला, म्हणजे नवसाचं ताट. पोहे, गूळ, खोबरं ताटात मांडून, हेप्झिबाला भेटायला निघतोय असं सगळ्यांसमोर बोलून झालं. तिसऱ्या दिवशी युद्ध भडकलं आणि विमान रद्द झालं. कंपनीचा मेसेज आला: सात दिवसांत पैसे परत, किंवा वर्षभर चालणारं व्हाउचर. एकदा निवडलं की बदल नाही.

"पैसे घ्या," नाओमी म्हणाली.

"मलिदा झालाय. आता पैसे मागायचे म्हणजे येत नाही असं आपणच लिहून देणं. अर्ज मागे घेतला की प्रकरण बंद होतं, मी जन्मभर तेच बघितलंय."

त्यांनी व्हाउचर घेतलं. दहा दिवसांत दुसऱ्या कंपनीची विमानं सुरू झाली. ह्यांच्या कंपनीची चार महिन्यांनी होणार होती. नाओमीने हातातल्या बांगड्या काढून समोर ठेवल्या. त्या विकून दुसरं तिकीट आलं असतं. पण इसाजींना बायकोच्या बांगड्यांना हात लावायचा नव्हता, स्वतःचेच पैसे सोडवायचे होते. मग रोज सकाळी कंपनीला फोन. पलीकडची मुलगी रोज गोड आवाजात सांगे, "सर, पर्याय तुम्हीच निवडला होता." छत्तीस वर्षं हेच वाक्य त्यांनी खिडकीच्या आतून ऐकवलं होतं, आणि ते किती चीड आणतं हे त्यांना आत्ता कळत होतं.

बाराव्या दिवशी मुलगी म्हणाली, मॅनेजरना देते, लाइनवर थांबा. इसाजी दोन तास थांबले. मध्येच मोबाइल दोनदा थरथरला, पण लाइन तुटेल म्हणून त्यांनी तो कानावरून काढला नाही. मॅनेजरही नाहीच म्हणाला.

मग त्यांनी मेसेज उघडले. खालचा आत्ताचा होता: आई गेली. वरचा दीड तासापूर्वीचा, हेप्झिबाचा आवाज, आणि त्याखाली अवीवने विचारलं होतं, काय म्हणतेय?

इसाजींनी आवाज लावला.

"कुशीवर वळवा गं कुणी. पाठ भाजतेय. कुणीतरी वळवा गं."

त्यांनी तो तीनदा ऐकला. नाओमी दारात उभी होती. मग त्यांनी चष्मा पुसला आणि अवीवला लिहिलं: तुम्हा सगळ्यांना आशीर्वाद देत होती.